पडवीत थांबलेला निरोप

सरांची घंटेची गोष्ट मी आमच्या घरात आतापर्यंत चाळीसेक वेळा तरी सांगितली असेल. गणपतीत, मे महिन्यात, कुणाच्या साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी. चार पाहुणे येऊन बसले आणि चहाला उशीर होणार असं दिसलं की बायको आतून ओरडते, "अवो, तां सरांचा सांगा मां!" म्हणजे माझी नेमणूक चहा उकळेपर्यंतची. मी सांगतो, माणसं हसतात, पुतणे मध्येच मला दुरुस्त करतात, "काका, गेल्या वेळी घंटा दहा मिनटां वाजली होती, आज पंधरा कशी?" आणि घंटा थांबली की मीही थांबतो. गोष्ट तिथे संपत नाही. पण तिथे चहा येतो, आणि तो आला की मला फार हायसं वाटतं.

उरलेली आज लिहून काढतो. लिहिताना मध्ये चहा येत नाही.

सर आम्हाला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत आणि राग मालवणीत. उंच, हडकुळे, पँट बरगड्यांपर्यंत चढवलेली, खिशात खडू आणि छत्री मात्र बाराही महिने. लग्न केलं नव्हतं. धामापूरच्या रस्त्याला चढावर त्यांचं घर होतं, त्यात ते आणि त्यांची आई. धाकटी बहीण फिलूबाय लग्न होऊन गोव्यात म्हापशाला गेलेली. तरुणपणी सर मुंबईला कुठल्याशा प्रयोगशाळेत दीड वर्ष काम करत होते. वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून परत आले. ते दीड वर्ष मात्र त्यांच्या अंगातून कधी उतरलं नाही.

अभ्यासक्रमात जे आहे ते त्यांना कंटाळवाणं वाटायचं. "तां पुस्तकात आसा, वाचा," म्हणायचे आणि नसलेलं शिकवायला घ्यायचे. परदेशातल्या संशोधकांना ते पोस्टकार्डं धाडत, तुमच्या अमुक लेखाची एक प्रत पाठवा म्हणून. आणि ते लोक खरंच पाठवायचे! जाड पाकिटं यायची. पोस्टमन गावभर सांगत सुटायचा, "सरांका अमेरिकेसून चेडवांची पत्रां येतत." हे मुलींच्या पत्रांचं सरांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी त्याला पडवीत बसवून एक अख्खा लेख मराठीत समजावून सांगितला. त्यानंतर तो पाकीट फाटकातूनच फेकायला लागला.

त्या सगळ्या पाकिटांमध्ये एकच विषय असायचा. शरीरातल्या पेशीला 'आता वाढ' असं बाहेरून सांगितलं जातं, ते आतपर्यंत पोचतं कसं?

"पाहुणा घरात येत नाही," सर सांगायचे. "वाढीचा निरोप घेऊन आलेला पाहुणा पडवीतच थांबतो. आत जातो तो फक्त निरोप. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, थेट देवघरापर्यंत. आणि हे जे मधले निरोपे आहेत ना, ती सगळी घरचीच माणसं. त्यांच्यामुळे तुमची जखम भरते, केस वाढतात. त्यातला एखादा बिघडला की मग कर्करोग. पण बिघडण्याआधी तो चोर नव्हता, घरचाच होता, हे विसरायचं नाही." कुणी त्या जनुकांना 'कॅन्सरची जनुकं' म्हटलं की सर त्याला वर्गाबाहेर काढायचे. त्यांचं नाव प्रोटो-ऑन्कोजीन, आणि 'प्रोटो' म्हणजे आधीचा, अजून न बिघडलेला, हे मला पुढे डॉक्टर होता आलं नाही तरी आजही पाठ आहे.

निरोपाबद्दल त्यांचा हा कटाक्ष पेशीपुरता नव्हता. कोळणीकडे मला पाठवलं तरी आधी म्हणून घ्यायचे. "काय सांगशील?" "सरांनी बांगडे मागितलेत." "चुकलास. 'चार बांगडे, डोक्यासकट, पिशवी परत धाडतंय.' परत म्हण." परत म्हणायचं. आल्यावर तिने काय उत्तर दिलं, तेही तिच्याच शब्दांत सांगायचं. ती मला उद्देशून जे शब्द वापरायची त्यांच्यासकट. सर शांतपणे ऐकून म्हणायचे, "बरां. निरोप शाबूत इलो."

आता घंटा.

एक दिवस सरांनी वर्गाचीच पेशी केली. खिडकी म्हणजे पेशीचं आवरण. खिडकीशी दोन मुलं उभी, ती दाराचे राखणे. बाहेरून सरांनी एक चिठ्ठी खिडकीच्या गजाला लावायची. चिठ्ठी लागली की त्या दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि एकमेकांच्या पाठीवर खडूने फुली मारायची. फुली बघून तिसऱ्याने जागं व्हायचं आणि चौथ्याला ढोसायचं. तो चौथा निरोप्या, नाव रास, म्हणजे मी.

माझं काम मोठं नाजूक. माझ्या मुठीत दोन काजूगर. दोन असेपर्यंत मी झोपलेला. ढोसलं की ते दोन टाकायचे आणि सरांच्या वाडग्यातले तीन घ्यायचे. दोनात एक मिळवायचा नाही, तीनच्या तीन नवे घ्यायचे, यावर सरांचा फार कटाक्ष. तीन हातात आले की मी जागा. मग देवळात गाऱ्हाणं घालताना माणसं ओरडतात तसं "व्हय म्हाराजा!" ओरडायचं. (सर ख्रिश्चन, पण गावच्या जत्रेत मागे उभं राहून हा पुकारा सगळ्यात मोठ्याने द्यायचे ते.) मी ओरडलो की पुढच्या निरोप्याने, राफने, त्याच्या पुढच्या मेक नावाच्या निरोप्याच्या पाठीवर फुली मारायची, मेकने त्याच्या पुढच्याच्या, आणि त्या शेवटच्याने धावत ऑफिसपाशी जाऊन कॉलेजची घंटा एकदा हलवायची. ती घंटा म्हणजे पेशीच्या गाभ्यातला हुकूम. मी मात्र तोपर्यंत तीनातला एक गर खाऊन टाकायचा. उरले दोन, मी झोपलो, निरोप संपला. शिवाय दोन मुली हातात डस्टर घेऊन फुल्या पुसत फिरायच्या. "पुसणारा पाठवणाऱ्याइतकाच मोठा," सर म्हणायचे.

सगळं ठीक झालं असतं. पण डस्टरवाल्या दोघींपैकी एकीला काजूगर आवडतात असं मला कळलं होतं. मी तीनातला तो एक गर खाल्लाच नाही. तिन्ही तिच्यासाठी मुठीत धरून ठेवले. आणि नियम असा, की मुठीत तीन आहेत तोवर ओरडत राहायचं. मी सरांच्या नियमांचा पक्का. ओरडत राहिलो. पुढच्यांना वाटलं नवीन निरोप, ते फुल्या मारत राहिले. मुली पुसतात त्याच्या दुप्पट वेगाने फुल्या पडू लागल्या, आणि घंटा जी वाजायला लागली ती वाजतच राहिली. अख्खं कॉलेज बाहेर आलं. निम्मं घरी गेलं. प्राचार्य आले ते चप्पल न घालता. "कुणी वाजवली? कोणाच्या सांगण्यावरून?"

सर खिडकीबाहेर उभे, डोळ्यांत पाणी. आनंदाचं. "बघितलात? ह्यांच तां! बाहेरसून एकच चिठ्ठी इली. कोणी वायट वागूक नाय. एकान आपलो गर खाल्ल्यान नाय, बस्स!" मग माझ्याकडे वळून, "मेल्या, कोणासाठी राखून ठेवलंस ते?"

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी तो कागद चौकट करून घरी येशूच्या तसबिरीशेजारी लावला. डस्टरवाली आता चहा घेऊन येते आणि पाहुण्यांसमोर म्हणते, "खोटा सगळा. माका एकव गर गावाक नाय. सगळे ह्यांच्याच पोटात." तर तेही खरंच. घाबरून प्राचार्यांसमोर तिन्ही गिळले होते मी.

इथे माणसं हसतात. इथे चहा येतो.

मी डॉक्टर व्हायला निघालो होतो आणि एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. जशीच्या तशी प्रत काढून देणं हा माझा धंदा झाला. सर त्यांचे लेख घेऊन यायचे, स्टुलावर बसायचे, आणि मशीनमधून कागद बाहेर पडताना मला त्यातली चित्रं समजावायचे. मागे रेशनकार्डवाले खोळंबलेले. एकदा एका आजीबाईंनी वैतागून विचारलं, "मास्तरानूं, ह्या रास म्हणता तो खंयच्या वाडीतलो?" सर म्हणाले, "तुमच्याच, आजी. तुमच्या आतलो." आजीबाई आधारकार्ड तिथेच टाकून निघाल्या.

नंतर एक दिवस सर लेख न आणता आईचे रिपोर्ट घेऊन आले. दोन दोन प्रती काढायला सांगितल्या. त्या दिवशी त्यांनी मला काहीच समजावलं नाही.

आईची गाठ छातीत होती, फार पुढे गेलेली. तिने ती कुणाला सांगितली नव्हती. आमच्याकडे हे एक आहेच. आमच्याकडे कुणी आजारी नसतं, निदान लांबच्या माणसासाठी तरी. मुंबईहून, गोव्याहून फोन आला, 'कसा काय?', की उत्तर ठरलेलं, 'बरा आसा.' काल अंगणात पडून मांडीचं हाड मोडलेला म्हातारासुद्धा फोनवर बरोच असतो. लांबच्या जिवाला घोर नको म्हणून. सरांच्या आईने तर एकाच घरात राहणाऱ्या मुलालाही लांबच्या माणसात धरलं होतं.

ती चार महिन्यांत गेली. दफन झाल्यावर सिमेंटरीच्या फाटकाशी, सगळे उभे असताना, फिलूबाय भावाला म्हणाली, "सगळ्या जगाक पेशी शिकयतस, आणि घरात आवशीची गाठ तुका दिसाक नाय?"

सरांनी छत्री उघडली, ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता, आणि चालायला लागले. त्यानंतर भाऊ-बहीण अकरा वर्षं बोलले नाहीत. पोस्टकार्डंही बंद झाली. निवृत्त होईपर्यंत सरांनी पुस्तकात होतं तेवढंच शिकवलं.

सरांचं स्वतःचं दुखणं निघालं ते अडीचेक वर्षांपूर्वी. पोट दुखायचं, पाठीत कळ जायची, माणूस होता त्याहून अर्धा झाला. तपासणीला त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. स्वादुपिंड. डॉक्टर हळुवारपणे सांगायला लागले, तर सरांनीच त्यांना विचारलं, "रासची तपासणी केलात?" होता बिघडलेला. परतताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एका जातीच्या बिघडलेल्या रासाक आता औषध गावलाहा. माझो त्या जातीचो नाय." आणि वर मलाच धीर देत, "इतकी वर्षां ज्याच्या पाठी लागलंय, तो शेवटाक घराकडे इलो म्हणायचो."

एका सकाळी मला बोलावून घेतलं. खाटेवर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "फिलूक फोन कर. माझ्यान होवचा नाय, माझो आवाज फुटतलो. तीन वाक्यां सांगूची. 'तू म्हणालंस तां खरां. माका दिसाक होयी होती. बेगीन ये.' परत म्हण."

मी म्हटलं.

"परत."

परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हणून घेतलं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मी दुकानात येऊन फोन लावला.

"कोण? झेरॉक्सवालो? काय झाला रे?" फिलूबायचा आवाज पहिल्याच शब्दाला कापला. "तो कसो आसा?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "बरे आसत, बाय. जरा अशक्तपणा आसा. तुमची आठवण काढतत. सवडीन येवन जावा."

"खरांच बरो आसा मां?"

"खरांच."

"बघ हां. खरां सांग."

"खरांच, बाय. काळजी करू नकात."

"मगे नातवाचो बाप्तिझम आसा फुडच्या आठवड्यात शनवारी. त्याच्या पाठोपाठ, ऐतवारी येतंय."

फोन ठेवला. समोर दहावीच्या गुणपत्रिका घेऊन रांग उभी होती. मी स्वतःची समजूत घातली की असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. ती आली की दोघं समोरासमोर बोलतीलच. आपण कशाला मध्ये?

संध्याकाळी सरांनी विचारलं, "सांगितलंस?"

"होय."

"तिन्ही?"

"होय, सर."

"ऐकून काय म्हणाली?"

मी म्हटलं, "गप रवली. मगे म्हणाली, फुडच्या आठवड्यात ऐतवारी येतंय."

"गप रवली," सर म्हणाले.

त्यानंतर नऊ दिवस. म्हापशाकडचं माणूस कुडाळहून ज्या दुपारच्या एसटीने येतं, ती चढावावर गिअर बदलते, तो आवाज त्यांच्या खाटेपर्यंत येतो. तो आला की सर मान वळवायचे. गाडी पुढे गेली की मान परत. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाले, "निरोप शाबूत पोचलो आणि तरी आत काय हलला नाय, तर एकच अर्थ. दाराच्या राखण्यान तो घेतल्यान नाय. तिचो राग आसा अजून. असूंदे. तिचो हक्क आसा." मी म्हटलं, "तसां नाय, सर." "मगे कसां?" ते म्हणाले. मी पाण्याचा तांब्या भरायला आत गेलो.

मी दोनदा फोन हातात घेतला होता. लावला नाही. लावला असता तर आधीचं खोटं होतं हे सांगावं लागलं असतं, एकदा तिला, एकदा सरांना. माझ्या अब्रूची किंमत एवढी मोठी असेल असं मला तोवर माहीत नव्हतं. झेरॉक्सवाल्याला अब्रू ती केवढी!

सर शनिवारी पहाटे गेले. मी फिलूबायला फोन केला. तेव्हाही म्हटलं, "जरा सिरियस आसत, येवा." आमच्याकडे मेलेलं माणूसही फोनवर आधी सिरियसच असतं. ती बाप्तिझमचे कपडे घालून तयार होती, तशीच गाडीत बसली. दोन तासांत पोचली.

शवपेटीजवळ उभी राहून तिने मला विचारलं, "माझ्यासाठी काय म्हणालो?"

लोक होते, पाद्री होते. मी म्हटलं, "आठवण काढीत होते."

"इतक्याच?"

"होय."

यानंतर दीड वर्ष गेलं. मे महिन्यात घरी सगळे जमलेले, मी घंटेची गोष्ट सांगत होतो. धाकटी पुतणी या वर्षी मेडिकलला लागली आहे. सगळे हसून झाल्यावर तिने विचारलं, "काका, पुढे त्या सरांचं काय झालं?" चहा आला होता, तरी ती उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "वारले." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने म्हापशाला गेलो.

फिलूबाय मागच्या दारी कोळंबी सोलत बसली होती. मला बघून तिला बरं वाटलं. "ये, बस. जेवनच जा." मी बसलो नाही. उभ्या उभ्या तिन्ही वाक्यं सांगितली, जशीच्या तशी. मशीनसारखी.

तिचा हात थांबला. "ह्यां कधी सांगितल्यान?"

"वारले त्याच्या नऊ दिवस आधी. तुमका फोन केलंय मां, त्या दिसा."

"त्या दिसा मी तुका इचारलंय."

"होय."

"दोनदा इचारलंय."

"होय, बाय."

तिने हातातली कोळंबी परत ठेवली. रागावेल, शिव्या देईल, आवाज ऐकून सून धावत येईल, याची मी वाटेतच सगळी तयारी करून ठेवली होती. माफीची वाक्यंही जमवली होती, चांगली लांबलचक. ती हळू आवाजात म्हणाली,

"गाठ माका ठावक होती."

मला कळेना.

"आवशीची. माका दाखवल्यान होती तिना. तुमका कळला त्याच्या तीन महिने आदी. म्हणाली, त्याका सांगू नको, त्याच्या कॉलेजातल्या पोरांच्यो परीक्षा चलल्यात. मी गप रवलंय. आणि सिमेंटरीच्या फाटकार त्याकाच बोल्लंय." तिने पदराने नाक पुसलं. "ह्यां त्याका सांगूचा होता माका. तुझो फोन इलो तेव्हा म्हटलंय, आता सांगूया, तुझ्याच हाती निरोप धाडूया. पण तू म्हणालंस बरो आसा. मगे म्हटलां, ऐतवारी समोर बसान सांगतंय."

आत कुठेतरी नातू रडायला लागला आणि कुणीतरी त्याला उचलून घेतलं.

"माझो राग आसा असां समजान गेलो तो?" तिने विचारलं.

या वेळी मात्र मी जे होतं तेच सांगितलं. "होय. तिचो हक्क आसा म्हणाले."

फिलूबायने मान हलवली. मग म्हणाली, "दोन तासांची वाट रे." आणि थोड्या वेळाने पुन्हा, माझ्याकडे न बघता, "दोन तासांची."

माझी जमवलेली वाक्यं तशीच राहिली. ती कुणी मागितलीच नव्हती. मी चप्पल घातली, म्हटलं, "येतंय, बाय."

आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत. भांडून निघालेल्यालासुद्धा नाही. तोंडातून चुकून निघालं तर म्हातारी माणसं जीभ चावतात आणि 'ये' म्हणतात.

"जा," फिलूबाय म्हणाली.

मी फाटकापर्यंत पोचेस्तोवर थोडा हळू चाललो. मागून 'ये' आलं नाही. फाटक लावून घेतलं आणि गेलो.